वेल्फेअर टू वर्क: रिव्हरसाइड, पोर्टलँड, मिनेसोटा की विस्कॉन्सिन, कॉपी कुणाची करायची?

भाची इकडे अमेरिकेत एका राज्याच्या खात्यात प्लॅनिंगला लागली आणि पहिल्याच महिन्यात तिच्या गळ्यात पडलं की भत्ता घेणाऱ्या आयांना कामाला लावायचा प्रोग्रॅम नव्याने बांधायचाय, चार मॉडेल बघ आणि एक सुचव. म्हणाली, मामा तू अर्धं आयुष्य यातच काढलंस, सांग. दीड तास फोन चालला. पॉलिसी शिकणारी आपली बरीच मुलं याच प्रश्नाला येऊन अडतात म्हणून तेच इथं टाकतोय.

आधी चौकट बघून घ्या, कारण ती तुम्हाला बदलता येत नाही. १९९६ ला क्लिंटननी सही केली, गरीब मुलाबाळांच्या कुटुंबांना मिळणारा १९३५ पासूनचा जुना भत्ता गेला आणि टॅन्फ (गरजू कुटुंबांना तात्पुरती मदत) आला. फेडरल पैसा ठोक मिळतो, सगळ्या राज्यांचा मिळून वर्षाला साधारण १६.५ अब्ज डॉलर, आणि तो आकडा तेव्हापासून जवळपास तिथंच उभा आहे, मधल्या काळात महागाईने त्याची किंमत निम्म्याच्या आसपास खाल्ली. या पैशातून एका कुटुंबाला एकूण ६० महिने मदत, अडचणीतल्या २० टक्क्यांपर्यंत कुटुंबांना त्यातून सूट. आणि राज्याने निम्मी कुटुंबं आठवड्याला ३० तास काम, प्रशिक्षण अशा कशात तरी गुंतलेली दाखवायची (हाच तो पार्टिसिपेशन रेट), मूल सहा वर्षांखालचं असेल तर एकट्या आईला २० तास. आपल्याकडची रोजगार हमी डोक्यात ठेवून इथं आलात तर गोंधळ होतो, कारण १९७७ च्या आपल्या कायद्यात काम मागायचा हक्क मजुराचा होता, इथं सरकारच सांगतं की कामाला लाग नाहीतर भत्ता कापतो.

आता मॉडेल. रिव्हरसाइड, कॅलिफोर्निया, सगळ्यात गाजलेलं. तिथल्या ऑफिसात एकच धोशा, मिळेल ती नोकरी धर, पहिली नोकरी म्हणजे पहिली पायरी. केसवर्करलासुद्धा (या बायकांच्या केसेस सांभाळणारा कर्मचारी) टार्गेट, महिन्यात इतक्या जणींना लावलं पाहिजे. कॅलिफोर्नियाच्या सहा काउंट्यांत (म्हणजे जिल्ह्यांत) चिठ्ठ्या टाकून लोकांचे दोन गट केले, एक प्रोग्रॅममधला, एक बाहेरचा, आणि मोजलं, तर तीन वर्षांत रिव्हरसाइडवाल्यांची कमाई दुसऱ्या गटापेक्षा जवळजवळ ४९ टक्क्यांनी जास्त निघाली. मग काय, प्रत्येक राज्याचा माणूस बॅग भरून रिव्हरसाइडला! पण आणखी काही वर्षांनी तोच डेटा परत उघडला तेव्हा शिक्षणावर भर देणाऱ्या काउंट्यांनी बरंच अंतर भरून काढलं होतं, हे मात्र बॅग भरून गेलेल्यांपैकी फार कमी जण सांगतात.

म्हणजे आधी शिकवा मग नोकरी हे बरोबर का? तसंही नाही हो. एका मोठ्या अभ्यासात अटलांटा, ग्रँड रॅपिड्स आणि रिव्हरसाइड या तीन ठिकाणी एकाच गावात दोन्ही पद्धती शेजारी शेजारी चालवून बघितल्या, पाच वर्षांनी कमाई साधारण सारखीच, फक्त शिक्षणवाल्या पद्धतीला खर्च बराच जास्त. शाळा अर्धवट सोडलेल्या बाईला परत वर्गात बसवलं आणि तिथंच सोडून दिलं तर सर्टिफिकेटपर्यंत पोचणाऱ्या थोड्याच.

माझं मत विचाराल तर पोर्टलँड, ओरेगॉन. त्याच मोठ्या अभ्यासात ११ प्रोग्रॅम होते आणि त्यात हा सगळ्यांच्या पुढं, पाच वर्षांत कमाई साधारण पाव हिश्श्याने जास्त. वेगळं काय केलं, तर पुष्कळ जणींना थेट नोकरी शोधायला लावलं, पण ज्यांना गरज होती त्यांना कम्युनिटी कॉलेजात थोड्या मुदतीच्या, ठराविक धंद्याच्या कोर्सला पाठवलं, आणि सांगितलं की मिळेल ती पहिली धरू नका, किमान वेतनाच्या वर पगार, फुलटाइम, इन्शुरन्स असेल अशी बघा. दबाव होता, सँक्शनही (नियम मोडला की भत्त्यात कपात) होतं, नुसती गोडीगुलाबी नव्हती. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, पोर्टलँडच्या प्रोग्रॅममध्ये अतिशय अडचणीतल्या बायका तुलनेने कमी होत्या, त्यामुळे तुमच्याकडं व्यसन, आजारपण, घरातली मारहाण अशा केसेस जास्त असतील तर तेवढाच रिझल्ट येईल असं धरून चालू नका.

मिनेसोटाचा विचारच निराळा. १९९४ च्या पायलटमध्ये त्यांनी म्हटलं की बाई कामाला लागली की भत्ता लगेच तोडू नका, पगाराचा ३८ टक्के भाग हिशोबात धरूच नका. नोकरीही वाढली आणि गरिबीही कमी झाली, जे या क्षेत्रात एकत्र क्वचितच दिसतं (एरवी बाई कमावती होते, भत्ता तेवढाच कमी होतो, हातात शून्य फरक). जुन्या लाभार्थी बायकांत तर घरातली मारहाणही कमी झालेली दिसली. पण सरकारचा खर्च वाढला, आणि १९९८ ला राज्यभर लागू करताना हात आखडता घेतलाच.

विस्कॉन्सिन पटकन उरकतो. १९९७ चं डब्ल्यू-टू (विस्कॉन्सिन वर्क्स), चार पायऱ्यांची शिडी, वरती साधी नोकरी आणि खालच्या पायऱ्यांवर कम्युनिटी सर्व्हिससारखं काम, तास बुडला की ५ डॉलर १५ सेंट कट. भत्ता घेणाऱ्यांची यादी झपाट्याने आटली. पण मिलवॉकीत काम खाजगी संस्थांना दिलं आणि सुरुवातीच्या कंत्राटात न खर्चलेल्या पैशातला काही भाग संस्थेलाच ठेवता येत होता, आता तुम्हीच सांगा, दारात आलेल्या बाईला ती संस्था आत घेईल का हळूच वाटेला लावेल? कंत्राट लिहिताना हा किस्सा भिंतीवर चिकटवून ठेवा.

आणि इथंच मला खरं बोलायचंय, कारण मॉडेलवर सगळे भांडतात पण देखरेखीत कुठला आकडा बघणार हे कुणी विचारत नाही, आणि खालचा केसवर्कर वागतो तो फक्त त्या आकड्याकडं बघून. फेडरल नियमात एक गंमत आहे. मूळ वर्षापेक्षा तुमची यादी जितके टक्के कमी झाली, तितके पॉइंट त्या ५० टक्क्यांतून वजा. म्हणजे कुणालाही नोकरी न लावता, नुसत्या फॉर्मच्या तारखा चुकल्या म्हणून नावं कापली तरी तुमचं टार्गेट खाली येतं (नियमानुसार म्हणे अटी कडक करून झालेली घट धरत नाहीत, पण चुकलेला फॉर्म यात येतोय का हे कोण बघणार). मूळ वर्ष आधी १९९५ होतं, मग २००५, आणि २०२३ च्या कायद्याने २०१५ केलं, त्यामुळे ही पळवाट आता बरीच अरुंद झालीये.

म्हणून भाचीला म्हटलं, केसवर्करच्या डॅशबोर्डवर तीन गोष्टी टाक: सहा महिन्यांनी आणि वर्षाने नोकरी टिकली का, तिमाही पगार किती, आणि सँक्शन झालेल्यांपैकी किती जणींना पाळणाघर किंवा बस मिळत नव्हती. पगाराची माहिती बेरोजगारी विम्याच्या रेकॉर्डमधून निघते, संस्थेनं भरून दिलेल्या फॉर्मवर विसंबायची गरज नाही. संस्थेचे पैसेही नोकरी लागल्यावर थोडे आणि टिकल्यावर जास्त असे द्यायचे, पण अडचणीच्या केसचा दर वेगळा, नाहीतर ते सोप्या बायका वेचून घेतात. आणि उपकंत्राटाचा प्रत्येक डॉलर ऑडिटला खुला. मिसिसिपीत काय झालं माहितीये ना, याच टॅन्फमधले ७.७ कोटी डॉलरच्या वर भलतीकडं गेल्याचं ऑडिटमध्ये निघालं, त्यात एका विद्यापीठाचं व्हॉलीबॉल स्टेडियमसुद्धा.

एक शंका तिने बरोबर काढली, केसवर्करकडं केसेस कमी दिल्या तर फरक पडेल ना? रिव्हरसाइडमध्ये तेही करून बघितलं होतं, जवळपास निम्म्या केसेस देऊन, कमाईत काही वेगळं दिसलं नाही. उलट कोलंबस, ओहायोत भत्त्याचं आणि नोकरीचं काम दोन्ही एकाच केसवर्करकडं ठेवलं तर हजेरी चांगली वाढली. तेव्हा बजेट कमी असेल तर माणसं वाढवण्याआधी हे करा.

शेवटी तिने पोर्टलँडची पद्धत, वर मिनेसोटाची पगारातली सूट, आणि कोलंबससारखा एकच केसवर्कर असं तीन पानांत लिहून पाठवलं. काल साहेबांचं उत्तर आलं, एका ओळीचं: पार्टिसिपेशन रेट किती येईल ते कळवा.