शर्यतीचा शनिवार-रविवार आणि नागपूर : मोकळ्या वेळेचे परीक्षण

चेन्नई किंवा कोइम्बतूरप्रमाणे नागपुरात मोटारशर्यतींसाठी कायमस्वरूपी सर्किट नाही. मोटोक्रॉस, सुपरक्रॉस (मोटारसायकलींच्या शर्यती) किंवा ऑटोक्रॉस (मोटारींच्या शर्यती) भरवायचे म्हटले की एखाद्या मोकळ्या मैदानावर मातीचा ट्रॅक तयार करावा लागतो. साधारणपणे शनिवारी गाड्यांची तपासणी व सराव आणि रविवारी मुख्य शर्यती असा क्रम असतो. धूळ बसावी म्हणून टँकरने पाणी मारणे आणि खचलेले उंचवटे पुन्हा रचणे यांत बराच वेळ जातो. त्यामुळे बाहेरगावच्या प्रेक्षकाकडे दोन्ही सकाळी आणि शनिवारची बरीचशी दुपार मोकळी राहते, आणि या वेळेला नागपूर कितपत पुरे पडते, एवढाच येथे विचार केला आहे.

यंत्रांच्या ओढीने आलेल्या माणसाने सर्वांत आधी मोतीबागेतील नॅरोगेज रेल्वे संग्रहालय गाठावे, असे माझे स्पष्ट मत आहे. २००२ साली सुरू झालेल्या या संग्रहालयात सातपुड्याच्या परिसरात धावलेल्या छोट्या रेल्वेची इंजिने, डबे, सिग्नल आणि इतर साहित्य मांडलेले आहे. या रेल्वेच्या दोन रुळांमधील अंतर अवघे ७६२ मिलिमीटर होते. रूळ जवळ असले की डोंगरातून तीव्र वळणे घेता येतात आणि मार्गाचा खर्चही कमी येतो, म्हणून या भागात ती पसरली. वळण आणि वेग यांचे नाते ज्याला ट्रॅकवर पाहायची सवय आहे, त्याला हे कारण फार समजावून सांगावे लागत नाही. नागपूर-छिंदवाडा नॅरोगेज मार्ग २०१५ मध्ये रुंदीकरणासाठी बंद झाला, त्यामुळे प्रवासात जे दिसत असे ते आता येथेच पाहायचे. वाफेच्या इंजिनाचे दांडे आणि चाके उघडी असतात, त्यामुळे शक्ती कोठून कोठे जाते हे नजरेनेच उलगडत जाते. आधुनिक रेसिंग मोटारीत हे सुख मिळत नाही. लहान मुले बरोबर असतील तर आवारातील छोटी गाडी त्यांना पुरते. मात्र हे संग्रहालय सोमवारी बंद असते, त्यामुळे ‘रेस झाल्यावर निवांत पाहू’ असे म्हणणाऱ्यांचा बेत हुकतो.

तेथे जाण्यासाठी मेट्रोची ऑरेंज लाइन सोयीची आहे. कडबी चौक स्थानकावर उतरावे आणि पुढे ऑटो करावी. खापरीहून निघणारी ही मार्गिका ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत जाते, आणि शर्यतीच्या पाहुण्यांना ते नाव वाचून बहुधा हसू येते. वाटेत झिरो माइल स्थानक लागते; तेथील वालुकाश्माचा स्तंभ आणि घोड्यांचे पुतळे बघायला दहा मिनिटे पुरेत. मेट्रोची अडचण एवढीच, की रात्री उशिरा ती मिळत नाही. जेवण लांबले तर परतीची सोय आधीच करून ठेवावी.

दीक्षाभूमीला शर्यतीच्या वेळापत्रकात कोंबू नये. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जेथे लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, त्या जागेला शांत, वेगळी सकाळ द्यावी. रमण विज्ञान केंद्र मुलांसाठी ठीक आहे. सिव्हिल लाइन्समधील, १८६३ पासूनचे अजब बंगला हे संग्रहालय जुने आणि भरगच्च आहे, पण तेही सोमवारी बंद असते. रामटेक सुमारे पन्नास किलोमीटरवर आहे. शनिवारचा सराव सोडायची तयारी असेल तरच तिकडे वळावे.

खाण्याच्या बाबतीत मात्र नागपूरला पूर्ण गुण द्यावे लागतात, फक्त वेळेचे भान हवे. सकाळी तर्री पोहे खावेत: पोह्यांवर हरभऱ्याची झणझणीत तर्री, वर चिरलेला कांदा आणि शेव. मैदानावर उन्हात उभे राहण्यापूर्वी एवढे पोटाला पुरते. सावजी मटण मात्र शर्यत संपल्यानंतर, रात्रीच. हलबा कोष्टी समाजाच्या स्वयंपाकघरांतून आलेल्या या रश्श्यात काळी मिरी, खसखस, सुके खोबरे आणि भाजलेले मसाले यांची चव एकामागून एक उलगडत जाते, आणि ज्वारीच्या भाकरीशिवाय ती पुरती लागत नाही. नुसता लाल तवंग आणि तिखट म्हणजे सावजी नव्हे. पाट्यांवर ‘सावजी’ लिहिलेली कित्येक ठिकाणे तेवढ्यावरच भागवतात. त्यामुळे पाटी पाहण्याऐवजी महाल किंवा इतवारी या वस्त्यांतील एखाद्या रहिवाशाला विचारून जागा ठरवावी. मटण न खाणाऱ्यांनी पाटवडी रस्सा मागवावा. तो दुय्यम पदार्थ मुळीच नाही. उरलेल्या वेळात संत्रा बर्फी विकत घ्यावी, मात्र ती प्रवासात फार दिवस ठेवू नये.

मुंबई-पुण्याहून मोटारसायकलवर आलेल्यांनी परतीचा रस्ता आधीच ठरवावा. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग नागपूरहून थेट मुंबईकडे जातो, परंतु त्यावर दुचाकींना प्रवेश नाही. दुचाकीस्वारांना अमरावतीवरून जुन्या महामार्गानेच जावे लागते. त्या रस्त्यावर ट्रकांची वर्दळ मोठी असते, म्हणून रविवारी बक्षीस समारंभ संपल्यावर अंधारात निघण्यापेक्षा नागपुरात मुक्काम करून सोमवारी पहाटे गाडी काढणे बरे.