कुजलेल्या लाकडावर पातळ इपॉक्सी: नऊ महिने आणि एका पावसाळ्यानंतर

हे दोन भाग कालवल्यावर कडक होणारं, लाकडात मुरणारं पातळ इपॉक्सी मी घेतलं ते एका डागामुळे. गाडीमागे ओढायचा, आत राहायचा माझा ट्रेलर जुना. बाहेर अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा, आत ३ मिलिमीटरची प्लाय आणि दोन्हींच्या मध्ये बारीक पट्ट्यांची लाकडी चौकट. बाहेरून अगदी चकचकीत. मागच्या कोपऱ्यात प्लायवर चहा सांडून सुकल्यासारखी एक कड दिसत होती, तेवढंच. बोटाने ठोकलं तर बद्द आवाज आला. स्क्रू ड्रायव्हर टेकवला तर लोण्यात जावा तसा आत गेला.

प्लाय काढल्यावर कळलं की पाणी शिरलंय एकीकडे आणि लाकूड कुजलंय दुसरीकडे. गळती वर दिव्याच्या स्क्रूपाशी होती. पाणी खांबाच्या कडेने ओघळत जाऊन तळाच्या आडव्या पट्टीवर साचत होतं. ती पट्टी तपकिरी होऊन तिचे चौकोनी तुकडे पडले होते. चिमटीत धरल्यावर भुगा.

पहिल्या कोपऱ्यात मी घाई केली. दोन दिवस पंखा लावला, हाताला कोरडं लागलं, ओतलं इपॉक्सी. तीन महिन्यांनी उघडून पाहिलं तर वरून काच आणि खाली चिखल. ओल आत कोंडली गेली होती. डब्यावर ‘लाकूड कोरडं असावं’ असं लिहिलेलं होतंच, त्यामुळे यात उत्पादनाला बोल लावता येणार नाही. दोन टोचण्यांचा ओलावा मापक मी त्यानंतर घेतला. आधी घ्यायला हवा होता. कुजवणाऱ्या बुरशीला जोर धरायला साधारण ३० टक्क्यांच्या आसपास ओलावा लागतो, २० च्या खाली ती थंडावते. थंडावते, मरतेच असं नाही.

दुसऱ्या कोपऱ्यात मापक १४ दाखवेपर्यंत पाच आठवडे थांबलो. मग ४ मिलिमीटरची तिरकी भोकं पाडली आणि सिरिंजने थोडं थोडं सोडत राहिलो. लाकूड प्यायचं थांबल्यावर थांबलो. उरलेले खड्डे घट्ट इपॉक्सी पुट्टीने भरले. तो कोपरा आजही खणखणीत आहे, स्क्रू पकडतो. पण तिथे पट्टीचा जेमतेम पाव भाग खराब होता. तळाची पट्टी मात्र कापूनच टाकली आणि तिरका सांधा देऊन नवी बसवली. भार पेलणारं लाकूड भुग्याचं झालं असेल तर या द्रवाने त्यात जीव येत नाही. तशी अपेक्षा ठेवून कुणी घेऊ नये.

नवी पट्टी घेताना कुजू नये म्हणून तांब्याची प्रक्रिया केलेलं लाकूड मुद्दाम टाळलं, कारण ओल मिळाली की ते अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा खातं. साध्या लाकडाला बोरेटचं (बुरशी रोखणाऱ्या क्षाराचं) पाणी पाजलं, वाळवलं आणि मग बसवलं. बोरेट इपॉक्सीच्या आधीच द्यावं लागतं, नंतर ते आत शिरत नाही. आणि पाण्याने ते धुऊनही जातं, म्हणजे पुन्हा गळतीपाशीच येतो आपण.

वापरताना जाणवलेल्या गोष्टी सांगतो. एकदा पेलाभर एकत्र कालवलं, तर ते हातात तापलं, प्लास्टिकचा पेला वाकला आणि धूर निघाला. तेव्हापासून दोन-तीन चमचे, त्याहून जास्त नाही. प्रमाण वजनाने की मापाने ते नीट वाचा, अंदाजपंचे केलं की चिकट राहतं. हातमोजे हवेतच. वाफांसाठीचा मास्क लावा, कापडी उपयोगाचा नाही. थंडीत वाळायला फार वेळ घेतं, आणि उन्हात पिवळं पडतं, त्यामुळे उघड्या जागी वरून रंग लागतो.

दहापैकी गुण द्यायचे तर इपॉक्सीला सात. मापकाला नऊ. आणि पत्र्याच्या सांध्यांत घातलेल्या ब्युटाइल टेपला (चिकट रबरी पट्टीला) दहा, कारण हा पावसाळा खरा तिनेच काढला. आधीच्या मालकाने प्रत्येक गळतीवर सिलिकॉन थापलं होतं. ते खरवडण्यात माझे दोन रविवार गेले, आणि त्याचा अंश राहिला तिथे ना टेप चिकटली ना रंग.

परवा छतावरच्या झरोक्याजवळ मापक १९ वर गेला. महिन्यापूर्वी तिथे १३ होतं. रविवारी तिथली चौकट उचकटून बघणार आहे.