अमेरिकेतल्या ‘शॅडोइंग’च्या नावावर ३,१८,५०० रुपये गेले. खान्देशातल्या पालकांनो, वाचा

शॅडोइंग म्हणजे डॉक्टरमागे उभं राहून त्याचं काम पाहणं. ते मुलीला अमेरिकेत मिळवून देतो म्हणून एका एजंटने घेतलेल्या पैशांचा आधी हिशोब. नोंदणी २५,००० यूपीआयने. ‘हॉस्पिटल प्लेसमेंट’ २,१०,००० आरटीजीएसने. ‘विमा’ ३८,५००. व्हिसाची फाइल ४५,००० रोख, पावती नाही. एकूण ३,१८,५००. परत एक रुपया आला नाही. माझी तालुक्याच्या गावी छोटी प्रेस आहे. लग्नसराईत रात्री जागून पत्रिका छापतो, त्यातला हा पैसा. दीड लाखासाठी तर बायकोची मंगळपोत गहाण ठेवली, तिचं व्याज अजून भरतोय.

मुलगी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला. नीटमध्ये मार्क पडले, पण सरकारी जागा मिळण्याइतके नाहीत आणि खाजगीची फी आपल्या आवाक्यातली नाही. अशा घरांची यादी या लोकांना कुठून मिळते देव जाणे, पण निकालानंतर फोन बरोबर येतात. जळगावातलं एसीचं ऑफिस, भिंतीवर स्टेथोस्कोप घातलेल्या पोरींचे फोटो. तिथला एजंट म्हणाला, अमेरिकेत आधी पदवी आणि मग मेडिकल, त्याला प्री-मेड म्हणतात. तिथे डॉक्टरमागे उभं राहून काम पाहिल्याचे तास दाखवावे लागतात. चार आठवड्यांत १२० तासांचं सर्टिफिकेट मिळेल, त्यावर तिकडचा प्रवेश सोपा होईल.

यात अर्धं खरं आहे, म्हणून तर माणूस अडकतो. तिकडे आधी पदवी लागते, एमकॅट ही मेडिकलची प्रवेश परीक्षा लागते, शॅडोइंगही पाहतात, हे सगळं खरं. मात्र शॅडोइंग फुकट असतं, हे त्याने सांगितलं नाही. पोरं ओळखीच्या डॉक्टरला विचारतात, नाहीतर हॉस्पिटलच्या कार्यालयाकडे अर्ज करतात. लसीकरणाचे कागद, टीबीची चाचणी, रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचं प्रशिक्षण (त्यांचा १९९६ चा हिपा कायदा आहे) एवढं झालं की उभं राहायला मिळतं. आणि फक्त उभंच राहायचं, हात लावायचा नाही. आमच्या माहितीपत्रकात ‘टाके घालण्याचा प्रत्यक्ष अनुभव’ लिहिलं होतं. कुठलीही पदवी नसलेल्या पोरीला अमेरिकेत कोण टाके घालू देईल? तिथल्या मेडिकल कॉलेजांची संघटना, एएएमसी, उलट सांगते की प्रशिक्षणाशिवाय परदेशात रुग्णावर हात चालवून आलात तर ते अर्जाला मारक ठरू शकतं. शिवाय तिथली बरीच मेडिकल कॉलेजं परदेशी विद्यार्थी घेतच नाहीत, आणि घेणाऱ्यांतल्या बहुतेकांना अमेरिकेतल्या किंवा कॅनडातल्या कॉलेजात शिकलेले विषय हवे असतात. म्हणजे जळगावच्या बीएस्सीवर १२० तास चिकटवून काहीच साधणार नव्हतं.

आता ज्या गोष्टीने अजून झोप लागत नाही, ती. एजंटने अमेरिकेतल्या हॉस्पिटलची म्हणून दोन पत्रं दाखवली. एक माझ्या मुलीच्या नावाचं, दुसरं ‘मागच्या बॅच’च्या एका मुलीचं. दोन्हींवर हॉस्पिटलचा गोल निळा शिक्का. दोन्ही शिक्के एकाच कोनात तिरके, आणि डाव्या कडेला दोन्हींत तीच शाई उडालेली जागा. वीस वर्षं छपाईत आहे मी. रबरी शिक्का हाताने मारला की दोनदा सारखा बसत नाही, हे माझ्या प्रेसमधला पोरगाही सांगेल. तो शिक्का मारलेला नव्हता, छापलेला होता. मी कागद उजेडाकडे धरला, अंगठ्याने घासून पाहिला. आणि मनाला काय समजावलं? अमेरिकेत सगळं कॉम्प्युटरवरच होत असेल. पुण्यात आयटीत असलेला भाचा नंतर म्हणाला, मामा, तिकडे पत्रावर गोल शिक्का मारायची फारशी पद्धतच नाही. म्हणजे शिक्क्याशिवाय आपला विश्वास बसत नाही, हे ओळखून तो खास आपल्यासाठी काढलेला.

मला मूर्ख म्हणणाऱ्यांनी थोडं थांबावं. समोर पोरगी बसलेली, तिचे डोळे त्या कागदावर, आणि तो माणूस म्हणतोय, ‘भाऊ, दोनच जागा उरल्या.’ तिथे शिक्क्यावरून वाद घालणारा बाप मला दाखवा. पतसंस्थांनी पोळलेला आपला जिल्हा आहे, मी काही आंधळा नव्हतो. पैसे भरायचं खातं पाहिलं, तर ते सुरतच्या कुठल्याशा ट्रेडिंग फर्मचं. विचारलं. ‘डॉलरचे व्यवहार तिकडून होतात,’ म्हणाला. एकटी माझी आई म्हणाली, ‘अरे, त्या दवाखानाले एक फोन ते करी देख.’ आम्ही हसलो.

शेवटी मुलीनेच केलं. पत्रातला ईमेल न वापरता हॉस्पिटलच्या वेबसाइटवरचा पत्ता काढून तिने लिहिलं. उत्तर आलं, या नावाचे डॉक्टर आमच्याकडे नाहीत, असा कुठलाही सशुल्क कार्यक्रम नाही, हे पत्र आमचं नाही. व्हिसाची मुलाखत मुंबईत, बीकेसीला ठरली होती, ती आम्ही सोडली. हे नीट ऐका. खोटा कागद घेऊन काउंटरवर उभे राहिलात तर एजंटचं काही जात नाही. खोटी माहिती दिली म्हणून तुमच्या पोराला अमेरिका कायमची बंद होऊ शकते. आणि व्हिसाची सरकारी फी तेव्हा १८५ डॉलर होती, म्हणजे साधारण सोळा हजार. ४५,००० कशाचे घेतले, ते विचारायची सोय उरली नाही. व्हिसाच्या अर्जाचं लॉगिन त्याच्याकडे, पासवर्ड त्याच्याकडे. लॉगिन कधीही दुसऱ्याच्या हातात देऊ नका.

पुढची कहाणी पोलिसांची. आमच्याकडे सांगितलं, ‘व्यवहार जळगावात झाला, तिकडे जा.’ तिकडे म्हणाले, ‘खातं सुरतचं, आमची हद्द नाही.’ एका साहेबांनी तर मुलीसमोर विचारलं, ‘शिकलेली आहे ना, मग कळलं नाही?’ पैसे घेणाऱ्याला हा प्रश्न कोणी विचारला नाही. १९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर, फोन लावला, तक्रार नोंदली गेली, पण तोवर खातं रिकामं. ज्या दिवशी संशय येईल त्याच दिवशी १९३० लावा, एजंटच्या ‘सोमवारी रिफंड’ची वाट बघू नका. आम्ही कितीतरी सोमवार बघितले. बँकेने सांगितलं, ‘पैसे तुम्ही स्वतःहून भरलेत.’ अहो, फसवणुकीत माणूस स्वतःहूनच भरतो, दरोड्यात नाही! अर्ज घेतात, पोच देतात आणि फाइल कपाटात. हद्दीचं कारण तर कायद्यातच बसत नाही. १ जुलै २०२४ पासूनच्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठेही घडला असला तरी दखलपात्र गुन्ह्याची माहिती कुठल्याही ठाण्यात देता येते. हे कलम कागदावर लिहून टेबलावर ठेवलं, तेव्हा कुठे आम्हाला खुर्ची मिळाली.

ग्राहक आयोगाची वाट मला वकिलाने नाही, चहावाल्याने सांगितली. २०१९ च्या कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. तक्रार दाखल केली आहे. समोरच्याने नोटीस घेतली नाही, ऑफिसला कुलूप.

ऑफिसचा बोर्ड उतरलाय, पण तीच माणसं आता ‘जॉर्जियात क्लिनिकल एक्स्पोजर’ विकताहेत असं कानावर आलं आहे. ज्यांनी त्या सुरतच्या खात्यात पैसे टाकले असतील त्यांनी व्हॉट्सअ‍ॅपचं बोलणं पुसू नका, बँकेचा उतारा काढून ठेवा, रोख दिली असेल तर सोबत कोण होतं ते लिहून ठेवा. आणि लाजेने गप्प बसू नका. माझ्या एकट्याच्या अर्जाला ‘दिवाणी स्वरूपाचा वाद’ म्हणून बाजूला सारतात, पाच-दहा अर्ज एकत्र गेले तर तसं म्हणणं त्यांना जड जाईल.