लाइव्ह रॉक, गोगलगाय आणि वॉरंटी : इंदूरमधल्या खाऱ्या पाण्याच्या टँकचा अनुभव

खाऱ्या पाण्याच्या टँकविषयी लिहायचे तर दगडापासून, म्हणजे जिवाणू आणि छोटे जीव वसलेल्या सच्छिद्र ‘लाइव्ह रॉक’पासून सुरुवात करायला हवी, हे मला मान्य आहे. पण सध्या माझा सगळा राग टॉप-अप यंत्रावर आहे, त्यामुळे आधी त्याचेच सांगते. टँक ९० × ४५ × ४५ सेंटीमीटरचा असून खालच्या संपसह (टँकच्या पाण्याशी जोडलेल्या छोट्या टाकीसह) त्यात सुमारे २०० लिटर पाणी आहे. पाणी उडते पण मीठ मागेच राहते, म्हणून जेवढे पाणी उडेल तेवढे गोडे पाणी रोज घालावे लागते. हे काम करणारे यंत्र मी चांगले पैसे मोजून घेतले. संपमधला फ्लोट खाली गेला की पंप सुरू व्हावा आणि वर आला की बंद व्हावा, इतकीच त्याच्याकडून अपेक्षा होती. एप्रिलमधल्या एका रात्री तांदळाच्या दाण्याएवढी गोगलगाय फ्लोट आणि दांडी यांच्यामधल्या फटीत शिरली, फ्लोट खालीच अडकला आणि साठ्याच्या टाकीतले २५ लिटर गोडे पाणी सकाळपर्यंत संपमध्ये आले. क्षारता हजारी ३५ वरून ३१ वर उतरली. मासे वाचले, पण झोअँथिडची (प्रवाळांच्या नात्यातल्या, फुलासारख्या दिसणाऱ्या जीवांची) सगळी तोंडे मिटली होती आणि ती पूर्ववत उघडायला बरेच दिवस गेले.

विक्रेत्याकडे तक्रार केली तेव्हा ‘जलचरामुळे झालेला बिघाड वॉरंटीत बसत नाही’ असे लेखी उत्तर आले. जे यंत्र मत्स्यालयासाठी म्हणूनच विकले जाते त्याला जलचराची सवलत नसेल, तर ते नेमके कुठे बसवावे, या माझ्या प्रश्नाला आजतागायत उत्तर आलेले नाही. फ्लोटभोवती साधी प्लॅस्टिकची जाळी दिली असती तर हा प्रकार घडलाच नसता, आणि त्या जाळीला पाच रुपयेही पडले नसते. ती जाळी शेवटी मीच कापून बसवली, वर दुसरा सुरक्षा-फ्लोट लावला आणि साठ्याची टाकी २५ ऐवजी १० लिटरची केली. आता सगळी टाकी एका रात्रीत रिकामी झाली तरी क्षारता ३३ च्या खाली जाणार नाही. नवीन टँक लावणाऱ्याने बाकी काही ऐकले नाही तरी चालेल, एवढे मात्र ऐकावे.

गोगलगाय आली कुठून? दगडातून. समुद्रातून काढलेला दगड घेण्याचा प्रश्नच नव्हता. भित्तिका बांधणारी प्रवाळे २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, त्यामुळे ‘रामेश्वरचा अस्सल माल’ म्हणून कोणी हळू आवाजात काही दाखवले तर तिथून उठावे. मी सच्छिद्र कोरडा दगड पंधरा किलो घेतला आणि एका जुन्या छंदिष्टाच्या संपमधले जिवाणू वसलेले, मुरलेले दोन किलो तुकडे त्यात मिसळले. तुकडे आणताना वास घेऊन पाहिला. चांगल्या दगडाला समुद्रकिनाऱ्याचा वास येतो, सडक्या अंड्याचा आला तर आत काहीतरी मेलेले असते.

पुढचा महिना-सव्वा महिना टँकमध्ये पाणी, दगड आणि जिवाणूंना खाद्य म्हणून अमोनियाचे थेंब याखेरीज काही नव्हते. जिवाणूंचा एक गट अमोनियाचे नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचे नायट्रेट करतो, आणि दगडाच्या आतल्या भागात, जिथे ऑक्सिजन पोहोचत नाही, तिथे नायट्रेटचा नायट्रोजन वायू होऊन निघून जातो. हे तिसरे काम कोणताही फिल्टर सहजासहजी करत नाही. लाइव्ह रॉकचे पैसे खरे तर त्याचेच असतात. टेस्ट किटमध्ये अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसल्यावरच मी क्लाउनफिशची जोडी सोडली. मधल्या काळात दगडावर डायटम नावाचे तपकिरी सूक्ष्म शैवाल चढले, मग हिरवे केसाळ शेवाळ आले. दुकानदाराने त्यावर औषधाची एक बाटली सुचवली होती, ती मी घेतली नाही. शेवाळ बहुतेक गोगलगायींनीच खाल्ले, हे त्यांच्या बाजूने नमूद करायला हवे. रात्री लाल विजेरी लावून पाहिले की दगडाच्या भोकांतून गुलाबी केसाळ अळ्या अर्ध्या बाहेर येतात आणि काचेवर टाचणीच्या टोकाएवढे कोपेपॉड (कोळंबीच्या नात्यातले सूक्ष्म जीव) धावताना दिसतात. मागच्या दगडाच्या कडेला जांभळ्या कोरलाइन शैवालाचा ठिपका उमटला तेव्हा तो आधी शाईचा डाग वाटला. नखाने खरवडला, निघाला नाही. आता त्याने अख्खी कड व्यापली आहे. झोअँथिड असलेला दगड मात्र कधीही उकळू नये आणि हातमोज्यांशिवाय कापू नये, त्यात पॅलिटॉक्सिन हे घातक विष असू शकते.

पाण्याची कथा घरातल्या माणसांना जास्त जाचक झाली. स्वयंपाकघरातल्या आरओचे पाणी चालत नाही, कारण त्यात काही क्षार आणि सिलिका उरतेच, आणि डायटमना तीच हवी असते. म्हणून आरओनंतर उरलेले क्षार शोषणारे डीआय रेझिन लावून टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण, शून्यावर आणावा लागतो. एक बादली शुद्ध पाण्यामागे तीन बादल्या पाणी टाकाऊ निघते. आमच्याकडे नळ एक दिवसाआड येतो. ‘अगं, जलूदहून घाट चढवून आणलेली नर्मदा तू मोरीत ओततेस?’ हा सासूबाईंचा प्रश्न बिनतोड होता. तेव्हापासून टाकाऊ पाणी फरशी पुसायला आणि संडासात वापरले जाते, आणि त्या स्वतः पिंप भरले की नाही ते पाहतात.

आता थंडाव्याचा मुद्दा. टँक लावताना प्रत्येक जण म्हणाला की इंदूरच्या मे महिन्यात चिलरशिवाय, म्हणजे पाणी गार करणाऱ्या यंत्राशिवाय, निभाव लागणार नाही. मी संपवर दोन छोटे पंखे लावले आणि बाहेर पारा ४१ अंशांवर असताना टँक २७ च्या आसपास राहिला. एक लिटर पाणी उडताना सुमारे ०.६७ युनिट विजेइतकी उष्णता सोबत नेते, आणि २०० लिटर पाणी एक अंशाने गार करायला पाव युनिटही लागत नाही. आमच्याकडे मे महिन्यात दिवसाला पाच-सहा लिटर पाणी उडत होते. माळव्याच्या कोरड्या हवेत पंख्यासारखे स्वस्त यंत्र नाही, असे मी तेव्हा सगळ्यांना ऐकवत होते. एकच अट होती, त्या खोलीत कूलर चालवायचा नाही. कूलरने हवा दमट केली की पंख्याचा निम्मा परिणाम जातो, म्हणून दुपारी सगळे मागच्या खोलीत झोपत.

जुलै लागला आणि माझे मत बदलले. बाहेर ३० अंश, आभाळ भरलेले, घरात सगळ्यांना बरे वाटत होते, आणि टँक २९.५ वर चढून बसला. हवेतच एवढी वाफ असताना टँकमधले पाणी उडेल कसे? दिवे आणि पंप यांची उष्णता पाण्यातच साचत राहिली, पंखे नुसते फिरत राहिले. इंदूरसारख्या ठिकाणी चिलर लागतो तो मेमध्ये नव्हे, तर पावसाळ्यात, हे एकाही दुकानदाराने सांगितले नव्हते. ऑगस्टमध्ये वापरलेला १/१० अश्वशक्तीचा चिलर निम्म्या किमतीत मिळाला. तो गरम हवा बाहेर टाकतो, त्यामुळे टँकखालच्या बंद कपाटात ठेवता येत नाही. दोन नळ्या भिंतीतून काढून तो मागच्या गॅलरीत ठेवला आहे. दसऱ्यानंतर त्याची गरज पडली नाही. थंडीत उलट हीटर लागला, कारण आमच्याकडे जानेवारीच्या रात्री पारा १० अंशांपर्यंत उतरतो. यंदाच्या उन्हाळ्यात पुन्हा पंखेच चालतील आणि चिलर पहिल्या पावसानंतरच लावला जाईल. वीजबिल पाहून यजमानांनीही हीच तारीख मंजूर केली आहे.