कॅलिफोर्नियातील दिव्यांग पार्किंगचे प्लॅकार्ड: आईसोबत तीन वर्षे वापरल्यानंतर

कॅलिफोर्नियाच्या मोटार वाहन विभागाकडून, म्हणजे डीएमव्हीकडून, मिळणारे दिव्यांग पार्किंगचे प्लॅकार्ड, म्हणजे गाडीच्या आरशाला अडकवायची परवान्याची पाटी, आम्ही आधी लाल (तात्पुरती) आणि मग निळी (कायमची), अशा दोन्ही रूपांत वापरली आहे. गेली तीन वर्षे आई ज्या गाडीतून बाहेर पडते त्या गाडीत ते असते. दुकानाच्या दाराजवळ जागा मिळणे एवढाच त्याचा उपयोग आहे, अशी अनेकांची समजूत असते आणि माझीही होती. प्रत्यक्षात आईला जवळच्या जागेपेक्षा रुंद जागेची गरज कितीतरी अधिक आहे, हे मला तिच्या खुब्याचे हाड मोडल्यावर समजले.

शस्त्रक्रियेनंतर तिला घरी सोडताना फिजिओथेरपिस्टने गाडीतून उतरण्याची रीत शिकवली होती. सीटवर प्लॅस्टिकची मोठी पिशवी अंथरायची, म्हणजे बसल्या जागी अंग सहज वळते. दोन्ही पाय जोडून एकदमच बाहेर काढायचे. शस्त्रक्रिया झालेला पाय थोडा पुढे ठेवायचा. दाराला धरून अंग ओढायचे नाही, तर सीटवर हात टेकून उठायचे आणि मग वॉकर धरायचा. एवढे सगळे करण्यासाठी दार पूर्ण उघडावे लागते आणि त्याच्या आत वॉकर उभा राहील एवढी मोकळी जागा असावी लागते. साध्या पार्किंगमध्ये शेजारची गाडी दोन हातांवर असते, दार अर्धेच उघडते आणि वॉकर मावत नाही. म्हणून सुरुवातीला मी गाड्यांच्या येण्याजाण्याच्या वाटेतच थांबून आईला उतरवत असे, तिला कडेला उभी करत असे आणि मग जागा शोधायला जात असे. एकदा मला जागा मिळायला बराच वेळ लागला. परत आले तेव्हा ती वॉकरच्या दांड्या घट्ट आवळून त्याच जागी उभी होती आणि तिची बोटे पांढरी पडली होती. त्या संध्याकाळी मी अर्ज छापून काढला.

अर्जाचा नमुना ‘आरईजी १९५’ या नावाने ओळखला जातो. पहिला भाग अर्जदाराने भरायचा आणि दुसरा डॉक्टरांनी. डॉक्टरांनी नुसती सही करून भागत नाही. आजार किंवा व्यंग कोणते आहे आणि त्यामुळे चालण्या-फिरण्यावर कशी मर्यादा येते, हे त्यांना वर्णन करून लिहावे लागते. डॉक्टरांप्रमाणेच नर्स प्रॅक्टिशनर आणि फिजिशियन असिस्टंट यांनाही हे प्रमाणपत्र देता येते. पायांचे विकार पाहणाऱ्या पोडियाट्रिस्टांना व डोळ्यांची तपासणी करणाऱ्या ऑप्टोमेट्रिस्टांना ते आपापल्या क्षेत्रापुरतेच देता येते. पाय, हृदय, फुप्फुसे, हात आणि दृष्टी या सर्वांचा विचार पात्रतेत केलेला आहे, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

आमचे पाच दिवस वाया गेले ते नावामुळे. आईच्या पासपोर्टवर आपल्या पद्धतीप्रमाणे तिचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असे तीन भाग आहेत, आणि दवाखान्याच्या नोंदीत मात्र मधले नाव गळलेले होते. त्यांनी त्यांच्या नोंदीवरून अर्ज भरून दिला. अर्जासोबत पूर्ण नाव व जन्मतारीख यांचा पुरावा द्यावा लागत असल्याने ही तफावत माझ्या वेळीच लक्षात आली, पण डॉक्टरांची सही पुन्हा मिळवण्यासाठी आणखी दोन फेऱ्या घालाव्या लागल्या. मराठी घरांतील ज्येष्ठांसाठी अर्ज करणाऱ्यांनी दवाखान्यातून निघण्यापूर्वी पासपोर्ट आणि अर्ज शेजारी ठेवून नावातले प्रत्येक अक्षर ताडून पाहावे. पुराव्याची ही अट जाचक वाटू शकते, परंतु तिला कारण आहे. राज्याच्या लेखापरीक्षकांनी २०१७ मध्ये या योजनेची तपासणी केली, तेव्हा निधन पावलेल्या व्यक्तींच्या नावावरही प्लॅकार्डे चालू असल्याचे आढळले, आणि त्याच वर्षी नियम कडक करणारा कायदा झाला.

तात्पुरते प्लॅकार्ड लाल रंगाचे असते आणि त्याचे शुल्क ६ डॉलर आहे. त्याची मुदत डॉक्टरांनी लिहिलेल्या तारखेपर्यंत, पण जास्तीत जास्त १८० दिवस असते. आम्ही भेटीची वेळ ठरवून कार्यालयात गेलो आणि प्लॅकार्ड हातात घेऊनच परतलो.

पहिल्यांदा ते आरशाला अडकवून मी निळ्या चिन्हाच्या जागेत गाडी लावली, तेव्हा आईच्या बाजूला तिरप्या रेघा आखलेली मोकळी पट्टी होती. दार शेवटपर्यंत उघडले. मी वॉकर तिच्यासमोर नीट ठेवला, तिने दोन्ही पाय एकदम बाहेर काढले, सीटवर हात टेकला आणि कोणाचीही घाई नसताना ती सावकाश उभी राहिली. या पट्टीची रुंदी निदान पाच फूट असली पाहिजे, असे १९९० च्या ‘अमेरिकन्स विथ डिसॅबिलिटीज ॲक्ट’ या कायद्याखालील मानके सांगतात, आणि ज्या गाड्यांमधून चाकाच्या खुर्चीसाठी उतरती फळी (रॅम्प) बाहेर येते त्यांच्या जागेला याहून अधिक रुंदी ठेवलेली असते. हे कोणी आपण होऊन दिलेले नाही. अपंगांच्या हक्कांचे नियम लागू करावेत म्हणून १९७७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या सरकारी इमारतीत अपंग स्त्री-पुरुष तीन आठवड्यांहून अधिक काळ ठाण मांडून बसले होते. १९९० च्या कायद्याची वाट त्यांनीच मोकळी केली. फ्रीमाँटमधील आमच्या घरापासून ती इमारत फार लांब नाही, आणि तिच्यासमोरून जाताना मला आता ते आठवल्याशिवाय राहत नाही.

या पट्टीला लोक रिकामी जागा समजतात, हे मात्र फार क्लेशदायक आहे. रेघांमध्ये मोठ्या अक्षरांत ‘नो पार्किंग’ असे रंगवलेले असते. तरीही आम्ही नेहमी जातो त्या किराणा दुकानासमोर सामान गाडीत भरून झाल्यावर लोक ढकलगाड्या तिथेच सोडून जातात, आणि एकदा तर पट्टीच्या मधोमध मोटारसायकल उभी होती. त्या दिवशी आई गाडीतच बसून राहिली आणि सामान मी एकटीने आणले. निळ्या जागेत विनापरवाना गाडी लावणाऱ्याला किमान २५० डॉलर दंड होतो, हे पुष्कळांना ठाऊक असते. पट्टी अडवली तर ती जागा असूनही निरुपयोगी होते, हे तेवढे ठाऊक नसते. प्लॅकार्ड असणाऱ्यांनासुद्धा त्या पट्टीत गाडी लावण्याची परवानगी नाही.

लाल प्लॅकार्डची मुदत संपत आली तोवर दुसऱ्या पायाच्या गुडघ्याचा संधिवात वाढला होता आणि डॉक्टरांनी कायमच्या, म्हणजे निळ्या प्लॅकार्डसाठी अर्ज करायला सुचवले. आईने साफ नकार दिला. ती म्हणाली, “लाल आहे तोवर मी बरी होणार आहे असं वाटतं गं. निळं घेतलं की संपलंच.” मी तिच्याशी वाद घातला नाही. लाल प्लॅकार्डचे नूतनीकरण होते, परंतु दर वेळी डॉक्टरांचे प्रमाणपत्र नव्याने आणावे लागते, शुल्क पुन्हा भरावे लागते, आणि असे सलग सहा वेळाच करता येते. एकदा आम्ही ते केले. त्याने तिचे मन राखले गेले, याचे मला समाधान आहे.

निळ्याला ती राजी झाली ती भजनामुळे. दर मंगळवारी तिच्या मैत्रिणी भजनाला जमतात आणि तिला त्यांच्यापैकी कोणाच्या तरी गाडीतून जायचे होते, म्हणजे मला कामावरून लवकर निघावे लागले नसते. प्लॅकार्ड गाडीच्या नावावर नसते, व्यक्तीच्या नावावर असते, आणि त्यामुळे ती ज्या गाडीत बसेल त्या गाडीत ते चालते. हे कळल्यावर तिने स्वतःहून अर्जाची चौकशी केली. निळ्या प्लॅकार्डला शुल्क पडत नाही. आता ते माझ्या गाडीच्या कप्प्यात नसून आईच्या पर्समध्ये, पुस्तकाच्या जुन्या प्लॅस्टिकच्या वेष्टणात असते, आणि सोबतचे ओळखपत्रही तिथेच असते. गाडी थांबली की ती स्वतः ते आरशाला अडकवते आणि निघताना स्वतःच काढून घेते, कारण गाडी चालू असताना ते लटकत ठेवायचे नसते.

इतर सवलतींचा उपयोग आम्हाला कमी झाला, तरी त्या मोलाच्या आहेत. रस्त्यावरच्या मीटरच्या जागेत पैसे न भरता आणि वेळेच्या मर्यादेशिवाय गाडी लावता येते, पदपथाच्या हिरव्या रंगवलेल्या कडेशीही वेळेचे बंधन राहत नाही, आणि रहिवाशांच्या परवान्यासाठी राखलेल्या गल्लीतही थांबता येते. लाल, पिवळ्या किंवा पांढऱ्या कडेशी मात्र गाडी लावता येत नाही, रस्ता झाडण्याच्या वेळेतून सूट मिळत नाही आणि खाजगी वाहनतळाचे पैसे भरावेच लागतात. पेट्रोल पंपावर एकाहून अधिक कर्मचारी असतील, तर अपंग चालकाला स्वतः पेट्रोल भरण्याच्या दरातच ते भरून मिळू शकते. एकट्याने गाडी चालवणाऱ्या कित्येकांना हे माहीतही नसते.

ज्याच्या नावावर प्लॅकार्ड आहे ती व्यक्ती गाडीत नसेल, तर ते वापरणे हा गुन्हा आहे आणि त्याला मोठा दंड होतो. एका पावसाळी संध्याकाळी मी आईचीच औषधे आणायला निघाले होते आणि काम तिचेच आहे म्हणून तिच्याकडे प्लॅकार्ड मागितले. तिने पर्स उघडली नाही. “मी आहे का गाडीत?” एवढेच तिने विचारले. दुसऱ्या बाजूने मला हेही सांगायचे आहे की, प्लॅकार्ड लावून ताठ चालत जाणारा माणूस दिसला म्हणजे तो लबाड आहे असे समजू नये. आमच्या शेजारचे काका हृदयविकाराचे रुग्ण आहेत. गाडीपासून दुकानाच्या दारापर्यंत ते कोणासारखेही चालतात आणि परतीच्या वाटेवर त्यांना दोनदा थांबावे लागते. लोकांच्या नजरांमुळे त्यांनी दुकानात जाणेच कमी केले आहे, याचे मला फार वाईट वाटते.

भारतातून काही महिन्यांसाठी आलेल्या आई-वडिलांसाठी काय करावे, असे मला बरेच जण विचारतात. कायमचे व्यंग असलेल्या परराज्यातील व परदेशातील पाहुण्यांसाठी हिरवे प्रवासी प्लॅकार्ड असते आणि त्याची मुदत जास्तीत जास्त ९० दिवसांची असते. पुण्या-मुंबईत दुकानातून विकत आणलेले चाकाच्या खुर्चीचे स्टिकर अनेक जण गाडीला चिकटवतात. इथे त्याचा काहीही उपयोग होत नाही. म्हणून वडीलधारे येण्यापूर्वीच त्यांचे वैद्यकीय कागद इंग्रजीत तयार ठेवावेत आणि ते आल्यावर पहिल्याच आठवड्यात इथल्या डॉक्टरांची वेळ घ्यावी.

वस्तू म्हणून प्लॅकार्ड फारसे दणकट नाही. आमचे लाल प्लॅकार्ड काचेजवळ उन्हात राहून वाकडे झाले होते आणि आरशाला अडकवायच्या खाचेशी त्याला चीर गेली होती. निळे पर्समध्ये राहत असल्यामुळे अजून जसेच्या तसे आहे. हरवले किंवा फाटले तर दुसरे मिळते, परंतु दोन वर्षांत चारपेक्षा अधिक वेळा बदलून हवे असेल, तर डॉक्टरांचे प्रमाणपत्र पुन्हा द्यावे लागते. सर्व निळ्या प्लॅकार्डांची मुदत विषम वर्षाच्या ३० जूनला संपते आणि नवे टपालाने घरी येते. दर सहा वर्षांनी मात्र ते अजून हवे असल्याचे सही करून कळवावे लागते, आणि त्यासाठी डीएमव्हीकडून येणारी सूचना नीट मिळावी म्हणून घर बदलल्यास पत्ता न विसरता कळवला पाहिजे. आईचे सध्याचे प्लॅकार्ड ३० जून २०२७ पर्यंतचे आहे. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत ते वर्ष अजून आलेले नाही, म्हणून तिने ती तारीख पर्समधल्या वेष्टणावर स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवली आहे.