ऑक्सकॅल 4.4: कार्बन तारखांसाठी उत्तम, पण थरांचा क्रम नीट द्या

उत्खननातला कोळसा किंवा जळका दाणा प्रयोगशाळेत पाठवला की उत्तर येतं '2450±30 बीपी'. हे वर्ष नव्हे. बीपी ('बिफोर प्रेझेंट', म्हणजे 'आजच्या आधी') 1950पासून मागे मोजतात, आणि ज्याच्या ऱ्हासावरून वय काढतात ते हवेतलं कार्बन-14 कायम सारखं नव्हतं, त्यामुळे आकडा कॅलिब्रेट करावाच लागतो, म्हणजे खऱ्या कॅलेंडर वर्षांत बदलावा लागतो. ऑक्सफर्डच्या क्रिस्टोफर ब्राँक रॅम्झी यांचा ऑक्सकॅल हा प्रोग्राम त्यासाठीच आहे. नोंदणी मोफत, काम ब्राउझरमध्येच होतं.

एकट्या तारखेला 'आर-डेट' या आज्ञेमध्ये नाव, वय आणि त्रुटी एवढंच भरायचं. वरचा आकडा घातला तर 95.4 टक्के संभाव्यतेचा पट्टा इ.स.पू. साधारण 750 ते 410 असा येतो. साडेतीनशे वर्षं! दोष प्रोग्रामचा नाही. इ.स.पू. 800 ते 400 या काळात कॅलिब्रेशनचा वक्र (बीपी वय आणि खरं वर्ष यांची सांगड घालणारी रेघ) जवळजवळ सपाट आहे. त्याला हॉलश्टाट पठार म्हणतात. अशा वेळी मधलं वर्ष उचलून 'वस्ती अमुक साली वसली' असं लिहिणं साफ चूक.

खरी ताकद 'सीक्वेन्स'मध्ये आहे. थरांचा क्रम सांगितला की तारखा एकमेकींना आवळतात आणि पट्टे अरुंद होतात. मात्र छेदचित्रात (खड्ड्याच्या उभ्या कापाच्या चित्रात) सर्वांत जुना थर तळाशी असतो, तर इथे तो सर्वांत वर लिहायचा. नवशिके नेमके इथेच चुकतात. क्रम उलटा पडला की जुळणी-निर्देशांक (तारखा दिलेल्या क्रमाशी किती जुळतात याचं माप) 60च्या खाली घसरतो, नाहीतर गणित पूर्णच होत नाही. एका टप्प्यातले नमुने 'फेज'मध्ये ठेवा आणि दोन्ही टोकांना 'बाउंडरी', म्हणजे टप्प्याची सुरुवात आणि शेवट, द्या. ती विसरलात तर तारखांच्या नैसर्गिक विखुरण्यामुळे टप्पा होता त्यापेक्षा लांब दिसतो.

निर्देशांक कमी आला म्हणून तारीख खोडू नका. आधी नमुना तपासा: उंदराच्या बिळातून दाणा खाली गेला का? कोळसा जुन्या खोडाच्या गाभ्याचा आहे का? तसा असेल तर वय शेकडो वर्षं जास्त येऊ शकतं. म्हणून एका हंगामाचं धान्य केव्हाही बरं. शंका उरलीच तर न जुळणाऱ्या तारखेचं वजन कमी करणारं 'आउटलायर' मॉडेल वापरा.

'सम' या आज्ञेबद्दल मात्र कळकळीने सांगावंसं वाटतं. शेकडो तारखांची बेरीज करून लोकसंख्येचे चढउतार वाचले जातात, पण त्यातले बरेच सुळके वक्राच्या वळणांचे असतात, माणसांचे नव्हे. तारखांचं वितरण गुळगुळीत करून दाखवणारं 'केडीई-मॉडेल' हा गोंगाट बराच कमी करतं. तरी कोणत्या थरातून किती नमुने पाठवले याचा कल त्यातही उरतोच.

वक्र निवडताना घाई नको. मूळ निवड इंटकॅल20 असते; दक्षिण गोलार्धातल्या नमुन्याला एसएचकॅल20 लागतो. शिंपल्यांना मरीन20 आणि शिवाय त्या किनाऱ्याच्या समुद्रातला स्थानिक फरक धरणारी 'डेल्टा-आर' दुरुस्ती लागते.

मदतपानं तुटक आहेत आणि चूक झाल्यावर येणारे संदेश कोड्यासारखे, हा या प्रोग्रामचा खरा उणेपणा. तरीही याहून लवचीक साधन सुचवता येत नाही. अहवालात आवृत्ती, वक्र आणि मूळ बीपी वय लिहाच. इंटकॅल20 आल्यावर ग्रीसमधल्या सँटोरिनी बेटावरच्या ज्वालामुखीच्या उद्रेकाचं वय इ.स.पू. सतराव्या शतकाकडून सोळाव्याकडे झुकलं. ज्यांनी मूळ वय छापलं होतं, त्यांच्या तारखा लगेच नव्याने मोजता आल्या.