आठ टनाचं पासिंग सांगून मला विकलेली ट्रॉली

गेल्या हंगामात उसासाठी ट्रॅक्टरची जुनी चारचाकी ट्रॉली घेतली, 1 लाख 65 हजारांना. विकणाऱ्याने आरसी बुक काढलं, 8,000 किलोच्या आकड्यावर बोट ठेवलं आणि म्हणाला, "दादा, आठ टनाचं पासिंग आहे. आठ टन ऊस बिनधास्त भरा." आकडा खरा होता, म्हणून माझा विश्वास बसला.

पासिंग म्हणजे आरटीओने मंजूर केलेलं वजन, आणि तो आकडा भरलेल्या ट्रॉलीच्या एकूण वजनाचा असतो. ट्रॉलीचं स्वतःचं वजन त्यातच येतं. त्याच बुकात रिकामं वजन 1,850 किलो लिहिलं होतं, म्हणजे माल फक्त 6,150 किलो भरता येणार. हे तेव्हा मला कळलं नाही. मी साडेसात टनांच्या आत ऊस भरला आणि आपण नियमात आहोत असं समजून निघालो.

वाटेत आरटीओच्या वायुवेग पथकाने (रस्त्यावर फिरून तपासणी करणाऱ्या) थांबवून वजनकाट्यावर नेलं. ट्रॉलीचं वजन भरलं 9,970 किलो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 194 प्रमाणे दंड 20,000 रुपये, वर जादा प्रत्येक टनाला 2,000. माझ्याकडून 24,000 घेतले. शिवाय जादा ऊस उतरवल्याशिवाय गाडी सोडत नाहीत, तो खर्चही आपलाच. रात्री दुसरी ट्रॉली मिळेना. ऊस सकाळपर्यंत रस्त्याकडेला पडून राहिला. तोडलेला ऊस वाळतो तसं त्याचं वजन घटतं, हे शेतकऱ्याला सांगायला नको.

पण हिशेब काही जुळेना. 9,970 मधून 1,850 वजा केले तर ऊस आठ टनांच्या वर जातो, आणि तेवढा मी भरलाच नव्हता. म्हणून रिकामी ट्रॉली काट्यावर घातली, तर 2,510 किलो! नीट पाहिल्यावर कळलं, फाळके, म्हणजे बाजूच्या फळ्या, फूटभर वाढवलेत, खाली जादा लोखंडी चॅनेल वेल्डिंग केलेत आणि वरून ताजा तांबडा रंग मारलाय. असा बदल बुकात नोंद न करता करणं कलम 52 खाली बेकायदा आहे. म्हणजे खरा माल भरायचा होता 5,490 किलो.

विकणाऱ्याला फोन केला. तो म्हणाला, "ओढतेय ना ट्रॅक्टर?" ट्रॅक्टर ओढतोच हो, प्रश्न थांबण्याचा आहे. आमच्या ट्रॉलीला स्वतःचा ब्रेक नाही. दोन टनांच्या ट्रॅक्टरला उतारावर मागून दहा टन ढकलतात तेव्हा काय होतं ते माझ्या ड्रायव्हरने एका वळणावर अनुभवलंय. तो वाचला, हे नशीब.

जुनी ट्रॉली घेणार असाल तर पैसे देण्याआधी ती रिकामी काट्यावर न्या. काटापावतीवरचं वजन बुकातल्या रिकाम्या वजनाशी ताडून बघा आणि सांगाड्यावर कोरलेला चासी नंबर बुकातल्या नंबराशी स्वतःच्या डोळ्यांनी जुळवून बघा. विकणारा काट्यावर यायला कुरकुर करत असेल तर सौदा तिथंच सोडा. माझ्या विकणाऱ्याच्या आवारात वाढवलेल्या फाळक्यांच्या आणखी तीन ट्रॉल्या उभ्या आहेत, त्याच तांबड्या रंगाच्या.